गाडी माझी, मग कुत्रा का घ्यायचा? : उबर, सर्व्हिस डॉग आणि नाकारलेलं भाडं

११ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात उबरवर दावा लावला. आरोप थोडक्यात असा: उबरचे ड्रायव्हर सर्व्हिस डॉग सोबत असलेल्या आणि घडीची व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांना गाडीत घेत नाहीत, कधी साफसफाईचे जादा पैसे लावतात, कधी राइड रद्द झाल्याचा भुर्दंडही त्याच प्रवाशाच्या माथी मारतात. उबरने आरोप नाकारले. भेदभाव आम्ही अजिबात खपवून घेत नाही, असं कंपनीचं म्हणणं.

अशी बातमी वाचली की आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली सहानुभूती ड्रायव्हरकडे जाते. गाडी त्याची, हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं. सीटवर केस पडले तर झाडायचेही त्यानेच. मग कुत्रा घ्यायचा की नाही हे सरकारने का ठरवावं? प्रश्न रास्त आहे. पण त्यात आपण मनातल्या मनात एक चित्र धरलेलं असतं, कुणाचा तरी लाडावलेला टॉमी मागच्या सीटवर उड्या मारतोय. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## हा कुत्रा कोणता?

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मुख्य कायदा १९९० सालचा. त्याचं नाव लांबलचक आहे, तिथे सगळे त्याला एडीए म्हणतात, आपणही तेच म्हणू. या कायद्याखालच्या न्याय खात्याच्या नियमांनुसार सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग व्यक्तीसाठी एखादं ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा. काम त्या व्यक्तीच्या अपंगत्वाशी निगडित हवं. अंध माणसाला रस्त्यावरून नेणारा गाइड डॉग सगळ्यांना ठाऊक असतो. पण ऐकू न येणाऱ्याला दाराची बेल वाजल्याचं कळवणं, मधुमेह असलेल्याची साखर घसरली की त्याला ढोसणं, व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणं, हीसुद्धा कामंच. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला भीतीचा झटका येऊ लागला की त्याला भानावर आणायला शिकवलेला कुत्राही यात बसतो.

नुसत्या सोबतीने बरं वाटतं म्हणून बाळगलेला कुत्रा मात्र यात बसत नाही. त्याला ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ म्हणतात, आणि त्याला गाडीत घेण्याची सक्ती ड्रायव्हरवर नाही. मांजर, पोपट, ससा यांनाही नाही. (शिकवलेल्या बुटक्या जातीच्या घोड्यासाठी मात्र नियमांत वेगळी तरतूद आहे, जागा आणि वजन बघून शक्य असेल तिथे येऊ द्यावं, अशी. टोयोटा कॅमरीत तो कसा बसवायचा, हे नियम करणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.)

गाइड डॉग तयार करणं हे मोठं खटाटोपाचं काम असतं. न्यू जर्सीत मॉरिसटाऊनला ‘द सीइंग आय’ नावाची संस्था आहे. १९२९ साली सुरू झालेली ही अमेरिकेतली अशी सर्वांत जुनी शाळा. त्याच राज्यातल्या एडिसन गावच्या मराठी वस्तीपासून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं, आणि मॉरिसटाऊनच्या फुटपाथवर हार्नेस (धरायची मूठ असलेला अंगावरचा पट्टा) घातलेले शिकाऊ कुत्रे सर्रास दिसतात. पिल्लू वर्षभर एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढतं, मग काही महिने शिक्षण, मग ज्याच्याकडे जायचं त्या अंध व्यक्तीसोबत काही आठवडे सराव. खर्च हजारो डॉलरचा. तो बहुतांशी देणग्यांतून भागतो, अंध व्यक्तीकडून नाममात्र रक्कम घेतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. सिग्नल हिरवा झाला की नाही, हे कुत्रा बघत नाही. रस्ता कधी ओलांडायचा हे वाहनांचा आवाज ऐकून माणूस ठरवतो. कुत्र्याचं काम त्यापुढचं: माणसाने ‘चल’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर हुकूम मोडून जागचं न हलणं. आज्ञा कधी पाळायची नाही, हे शिकवणंच सगळ्यांत अवघड.

गाडीत कसं बसायचं हेही त्याला शिकवलेलं असतं. मालक दार उघडून हाताने सीट चाचपतो. कुत्रा खाली, पाय ठेवायच्या जागेत शिरतो, एकदा गोल फिरून अंगाचं वेटोळं करतो. मालक त्याच्या दोन्ही बाजूंनी पाय ठेवतो, शेपटी आत आली का ते हात फिरवून बघतो, मग दार ओढून घेतो. एरवी सीटवर न चढणारा, न भुंकणारा असा हा प्रवासी. शनिवारी रात्री दारूच्या बारमधून घरी सोडाव्या लागणाऱ्या कित्येक गिऱ्हाइकांपेक्षा ड्रायव्हरला नक्कीच सोयीचा.

## पण गाडी माझ्या मालकीची आहे ना?

पुण्यात किंवा मुंबईत संध्याकाळी रिक्षाला हात केला, रिक्षावाल्याने ‘कुठे?’ विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवत तो निघून गेला, हा अनुभव नसलेला मराठी माणूस सापडणं कठीण. आपण चिडतो. का बरं? रिक्षा त्याच्याच मालकीची असते, हप्ताही तोच भरतो. तरी आपल्याला वाटतं की परमिट काढून धंद्याला उभा राहिलास ना, मग भाडं नाकारायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ सुद्धा हेच म्हणतं.

एडीएमागचा विचार हाच आहे. गाडी खासगी असली तरी पैसे घेऊन लोकांची ने-आण करणं हा सार्वजनिक व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारात अपंग माणसाला दारातून परत पाठवता येत नाही. स्वतःच्या घरी कुत्रा येऊ द्यायचा नाही, खुशाल देऊ नका. रविवारी बायकामुलांना घेऊन निघालात, तेव्हाही गाडी फक्त तुमची. अ‍ॅप चालू करून भाडं स्वीकारलं की नियम बदलतो.

म्हणूनच सर्व्हिस डॉगसाठी जादा पैसे मागता येत नाहीत. उबरची ‘उबर पेट’ नावाची वेगळी सेवा आहे. पाळीव प्राणी न्यायचा तर जादा भाडं भरा. ती सेवा द्यायची की नाही हे ड्रायव्हर ठरवू शकतो. सर्व्हिस डॉगला त्या रांगेत उभं करता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो पाळीव प्राणी नाही, प्रवाशाचं साधन आहे.

## ‘आम्ही टॅक्सी कंपनी नाहीच’

इतकं सरळ आहे तर दहा-बारा वर्षं कोर्टकचेऱ्या का चालल्या? कारण उबरसारख्या कंपन्यांचा पहिला बचाव वेगळाच होता: आम्ही प्रवासी वाहतूक करत नाही, आम्ही फक्त अ‍ॅप बनवतो. ड्रायव्हर आमचे नोकर नाहीत, ते स्वतंत्र व्यावसायिक. त्यांनी कुणाला नाकारलं तर आम्हाला का धरता?

‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या अंधांच्या संघटनेच्या कॅलिफोर्निया शाखेने २०१४ मध्ये उबरवर दावा लावला. एका ड्रायव्हरने गाइड डॉगला डिकीत कोंबलं आणि हे लक्षात आल्यावर अंध बाईने गाडी थांबवायला सांगितलं तरी थांबवली नाही, असाही आरोप त्यात होता. दावा सुरुवातीलाच फेटाळून लावावा, ही उबरची विनंती न्यायालयाने २०१५ मध्ये मानली नाही. २०१६ मध्ये तडजोड झाली. सर्व्हिस डॉग घेणं बंधनकारक आहे हे प्रत्येक ड्रायव्हरकडून कबूल करून घ्यायचं, आणि जाणूनबुजून नाकारल्याचं आढळलं तर एकाच तक्रारीवर त्याला अ‍ॅपवरून काढून टाकायचं, असं उबरने मान्य केलं. लिफ्ट या दुसऱ्या कंपनीनेही पुढे तसाच करार केला.

२०२१ मध्ये आणखी एक मोठा निकाल लागला. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका अंध महिलेला उबरच्या ड्रायव्हरांनी १४ वेळा नाकारलं होतं किंवा त्रास दिला होता. ड्रायव्हर आमचे नोकर नाहीत, हा उबरचा बचाव लवादाने फेटाळला आणि कंपनीला वकिलाच्या खर्चासह ११ लाख डॉलर द्यायला लावले. यातली मोठी रक्कम वकिलांच्या खर्चाची होती, हे सहसा मथळ्यात येत नाही.

कागदावर नियम असा स्पष्ट झाला. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातले अंध लोक सॅन फ्रान्सिस्कोत उबर आणि लिफ्टच्या कार्यालयांबाहेर निदर्शनं करायला जमले, आणि पुढच्या वर्षी न्याय खात्याला स्वतः कोर्टात जावं लागलं. म्हणजे नियम आहे, शिक्षा आहे, आणि नकार चालूच आहे.

## नकार कसा दिला जातो

तोंडावर ‘कुत्रा नको’ म्हणणारे ड्रायव्हर असतात. पण न बोलता दिलेला नकार पकडणं जास्त कठीण. अंध प्रवासी फुटपाथवर उभा आहे. फोन बोलून सांगतो, गाडी एक मिनिटावर आली. मग एक गाडी जवळ येऊन हळू झाल्याचा आवाज येतो, आणि तीच पुढे निघून जाते. फोन सांगतो, ड्रायव्हरने राइड रद्द केली. का केली? टायर पंक्चर झाला, चुकीच्या गल्लीत शिरला, की हार्नेस घातलेला लॅब्राडोर दिसला? डोळस माणूस निदान नंबरप्लेट बघेल, ड्रायव्हरचा चेहरा बघेल, मोबाइलवर फोटो काढेल. इथे पुरावा डोळ्यांनी टिपायचा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नेमकं तेच शक्य नाही.

दुसरी पळवाट म्हणजे ‘प्रवासी आलाच नाही’ असं नोंदवणं. ड्रायव्हर कोपऱ्यावर थांबतो, वेळ संपू देतो, आणि रद्द केल्याचे पैसे उलट प्रवाशाच्या खात्यातून जातात. तक्रार केली की परत मिळतात बहुतेकदा. पण डॉक्टरची अपॉइंटमेंट गेलेली असते, आणि तक्रारीचा तोच फॉर्म महिन्यातून किती वेळा भरायचा, यालाही काही मर्यादा असते.

अलीकडे उबर आणि लिफ्ट यांनी एक ऐच्छिक सोय दिली आहे: माझ्यासोबत सर्व्हिस डॉग असतो, हे प्रवासी आधीच कळवून ठेवू शकतो. काही अंध प्रवाशांना ती बरी वाटते, कारण मग ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. इतरांचं म्हणणं, टाळायचं असेल त्याला आपणच आधी वर्दी कशाला द्यायची? दोन्हींत तथ्य आहे.

## ड्रायव्हरला दमा असेल तर?

सगळ्या आक्षेपांतला हा खरा. कुत्र्याच्या केसांनी किंवा लाळेने ज्यांचा श्वास कोंडतो अशी माणसं असतात, आणि गाडी ही बंद काचांची छोटी जागा आहे.

अमेरिकन नियम इथे कडक आहे. अ‍ॅलर्जी किंवा भीती हे सर्व्हिस डॉग नाकारण्याचं वैध कारण नाही. नियम करणाऱ्यांची धास्ती समजण्यासारखी आहे: ‘मला अ‍ॅलर्जी आहे’ हे वाक्य चालू दिलं की उद्या प्रत्येकालाच अ‍ॅलर्जी.

ब्रिटनने दुसरी वाट काढली. तिथल्या २०१० च्या समता कायद्यानेही टॅक्सी आणि खासगी कॅबच्या ड्रायव्हरांना मदतनीस कुत्रा नेणं बंधनकारक केलं आहे. जादा पैसे घ्यायचे नाहीत, नाकारलं तर इंग्लंडमध्ये १,००० पौंडांपर्यंत दंड. पण खरोखर वैद्यकीय कारण असलेला ड्रायव्हर परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे पुराव्यासह अर्ज करतो, सूट मिळाली तर त्याची खूण गाडीच्या काचेवर लावतो. आयत्या वेळी फुटपाथवर सुचलेलं कारण तिथे चालत नाही.

मला ब्रिटनची वाट जास्त पटते, आणि अ‍ॅपच्या जमान्यात ती राबवणं तर आणखी सोपं आहे. कोणता ड्रायव्हर कोणत्या प्रवाशाकडे पाठवायचा हे अ‍ॅपच ठरवतं. वैद्यकीय सूट मिळालेल्या ड्रायव्हरला सर्व्हिस डॉगची राइड दाखवायचीच नाही, जवळचा दुसरा पाठवायचा, म्हणजे ड्रायव्हरचा दमाही सांभाळला जाईल आणि प्रवाशाला नकारही ऐकावा लागणार नाही.

मग अमेरिकेत हे का होत नाही? दमा असलेला माणूस कंपनीचा नोकर असता, तर त्याच एडीएखाली तो मालकाकडे सवलत मागू शकला असता. पण एडीएचा नोकरीविषयक भाग नोकरांना लागू होतो, स्वतंत्र व्यावसायिकांना नाही. म्हणजे गंमत बघा. अंध प्रवासी तक्रार घेऊन गेला की कंपनी म्हणते, ड्रायव्हर आमचा माणूस नाही. आजारी ड्रायव्हर गेला की त्यालाही तेच ऐकवता येतं. अंध प्रवासी आणि दमेकरी ड्रायव्हर एकमेकांशी फुटपाथवर भांडतात, आणि ज्याच्या हातात दोघांचीही सोय आहे तो त्या भांडणात दिसतच नाही.

## केस, वास आणि वाया गेलेला अर्धा तास

यात ड्रायव्हरची तक्रार खोटी नाही. लॅब्राडोरचे केस गडद सीटकव्हरमधून निघता निघत नाहीत. पावसात भिजलेल्या कुत्र्याचा वास तासभर राहतो, पुढचा प्रवासी एक स्टार कमी देतो. गाडी पेट्रोल पंपावर नेऊन व्हॅक्यूम करायचा तर त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही, कारण अ‍ॅपवरचा ड्रायव्हर फेरीवर कमावतो.

नियम म्हणतो, नुसते केस गळाले म्हणून प्रवाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. कुत्र्याने खरंच नुकसान केलं, आणि तसं नुकसान केल्यावर एरवीही पैसे घेतले जात असतील, तर घेता येतात. प्रवाशाच्या बाजूने हे योग्यच आहे. चष्मा लावणाऱ्याला आपण चष्म्याचं भाडं लावत नाही. पण प्रवाशाने द्यायचे नाहीत म्हणजे ड्रायव्हरने सोसायचे, असं आपोआप का ठरावं? प्रत्येक फेरीतला वाटा घेणाऱ्या कंपनीने सर्व्हिस डॉगच्या फेरीमागे ड्रायव्हरला साफसफाईची ठरावीक रक्कम दिली, तर निम्मे नकार आपोआप विरतील असा माझा अंदाज आहे. अंदाजच तो. पण काढून टाकण्याच्या धमकीने गेल्या दहा वर्षांत काय साधलं, ते तर दिसतंच आहे.

## धर्म आड येतो तेव्हा

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शहरांत बरेच ड्रायव्हर सोमालिया, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेले. काही मुस्लिम परंपरांत कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात, त्यामुळे हा आक्षेपही येतो. कायदा तो मान्य करत नाही. आणि धर्माची बाजूही एकसुरी नाही: २००८ मध्ये ब्रिटनमधल्या शरिया कौन्सिलने अंध विद्यार्थ्याला गाइड डॉग मशिदीपर्यंत आणायला परवानगी दिली, आणि लेस्टरच्या एका मशिदीत त्याच्यासाठी बाहेरच्या भागात वेगळी जागा करण्यात आली. मशिदीला जमलं ते कॅबला जमायला हरकत नसावी.

## आणि खोटे सर्व्हिस डॉग?

हे आहेतच. ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जॅकेट ऑनलाइन कुणालाही मिळतं. त्यातून ड्रायव्हरचा संशय वाढतो आणि त्याचा फटका खऱ्या गरजू माणसाला बसतो. कॅलिफोर्नियात खोटा सर्व्हिस डॉग मिरवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पकडणार कोण?

ड्रायव्हर प्रमाणपत्र मागू शकत नाही. मुळात अमेरिकेत असं सरकारी प्रमाणपत्रच नाही, कुत्रा घरी स्वतः शिकवलेलाही चालतो. उघड दिसत नसेल तर ड्रायव्हरने दोनच प्रश्न विचारायचे: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता, हे विचारायचं नाही. कुत्र्याने तिथल्या तिथे काम करून दाखवावं, असंही म्हणायचं नाही. ‘तो असला की मला बरं वाटतं’ असं उत्तर आलं, तर तो सर्व्हिस डॉग नव्हे. कुत्रा आवरत नसेल, अंगावर येत असेल आणि मालक काही करत नसेल, तर खऱ्या सर्व्हिस डॉगलाही उतरवता येतं.

विमानांत हे सैल धोरण टिकलं नाही. इमोशनल सपोर्टच्या नावाखाली लोक काय काय घेऊन चढू लागले, आणि डिसेंबर २०२० मध्ये परिवहन खात्याने नियम बदलले. आता विमान कंपन्या ठरावीक फॉर्म भरून मागू शकतात. कॅबसाठीही तसंच करा, ही मागणी होते. पण विमान आपण आठवडाभर आधी बुक करतो, आणि कॅब लागते ती दाढ दुखायला लागल्यावर.

## आपल्याकडे काय?

भारतात गाइड डॉग अगदीच विरळा. आपल्याकडच्या अंध व्यक्तीच्या हातात पांढरी काठी असते, आणि फुटपाथची अवस्था बघता कुत्र्यालाही तिथून वाट काढणं मुश्कील. पण न्याय खात्याच्या दाव्यातला दुसरा अर्धा भाग, घडीच्या व्हीलचेअरचा, मुंबई-पुण्यात रोजचा आहे. कॅब येते, डिकी उघडते, आत सीएनजीची टाकी. उरलेल्या फटीत एखादी बॅग बसते, व्हीलचेअर नाही. ड्रायव्हर म्हणतो, ‘साहेब, दुसरी गाडी बघा.’ त्याचंही खोटं नसतं. मागच्या सीटवर आडवी टाकायची, तर सोबतच्या माणसाने कुठे बसायचं?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाहतुकीत सुगम्यता हवी, म्हणजे अपंगांनाही ती सहज वापरता यावी, असं सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसते सल्ल्याच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. कॅबच्या बाबतीत सुरुवात करायला फार मोठं संशोधन लागणार नाही. कोणत्या गाडीची डिकी मोकळी आहे, हे कंपनीने नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवायचं, आणि व्हीलचेअर आहे असं सांगणाऱ्या प्रवाशाकडे तीच गाडी पाठवायची, त्याच भाड्यात.